राजवाड्यामागच्या गल्लीतली माकडं

ओरत्तनाडूच्या जुन्या छत्रामागून, म्हणजे धर्मशाळेमागून, एक वाट कालव्याकडे जाते. त्या वाटेच्या कडेला वसुमतीबाईंचं कौलारू घर आहे आणि घरामागे त्यांची शेती. यजमान सीतारामराव तालुका कचेरीत होते. तंजावूरहून रोज बसनं ये-जा करणं नकोसं झालं तेव्हा त्यांनी ही जागा घेतली, विहीर खोदली, आणि राजवाड्यामागच्या गल्लीतलं वाडवडिलांचं घर थोरल्या भावाच्या हवाली करून बायकोला घेऊन इथं राहायला आले. नात्यातल्यांनी याला वेडेपणा म्हटलं. वसुमतीबाईंनी मनातल्या मनात सुटका म्हटलं. पुढं सीतारामराव गेले, तेव्हा गल्लीत सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं की आता ही बाई मुकाट्यानं परत येणार आणि माडीवरच्या खोलीत जपमाळ ओढत बसणार. बाई आल्या नाहीत. सुंदरी नावाची एक कामकरीण हाताशी धरून त्यांनी केळी लावल्या, भुईमूग केला, गजा नावाच्या वादळात आडवे झालेले माड उपटून काढून नवे लावले. गल्लीतल्या लोकांच्या लेखी त्या खेडवळ झाल्या. बाईंच्या लेखी गल्लीतले लोक कधी काही झालेच नव्हते.

त्यातही थोरले दीर गोपालकृष्णराव. विमा कचेरीतून निवृत्त झालेला हा गृहस्थ गल्लीतल्या रहिवासी संघाचा कायमचा चिटणीस होता, कारण ते काम दुसऱ्या कोणाला नको होतं. बैठकीच्या खोलीत त्यांनी मोडी लिपीतला एक जुना कागद चौकटीत घालून टांगला होता. आपले पूर्वज तंजावूरच्या मराठे राजांच्या पदरी होते याचा पुरावा म्हणून येईल त्याला ते तो दाखवत. घरात मोडी सोडाच, नागरीसुद्धा कोणाला धड वाचता येत नव्हती. सीतारामराव हसून म्हणायचे, मुदपाकखान्यात हिंग-तूप पोचल्याची पावती असेल ती. वसुमतीबाईंना तेच खरं वाटे. दिरांचं बोलणं ऐकताना त्यांना नेहमी त्या कागदाची आठवण होई: चौकट भारी, आत काय आहे ते कोणाला ठाऊक नाही.

माकडांशी बाईंची ओळख झाली ती याच गल्लीत. जाऊ भुवनेश्वरी हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्या महिनाभर तिच्या सेवेला जाऊन राहिल्या होत्या. राजवाड्याच्या बुरुजांवरून एक टोळी रोज सकाळी गच्च्यांवर उतरायची. गल्लीतली माणसं शनिवारी आंजनेयाचं नाव घेऊन त्यांना केळी चारत आणि रविवारी वाळत घातलेलं धोतर फाटलं म्हणून त्यांना शिव्या घालत. टोळीत एक मादी होती, तिचा डावा हात मनगटापाशीच संपलेला. विजेच्या तारेला लागला असावा. उरलेल्या हातानं ती वडामाचं, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांचं, फडकं एका कोपऱ्याला धरून अशी ओढायची की अर्धवट वाळलेले वडाम तिच्याकडे आपोआप घरंगळत यायचे. भुवनेश्वरी तिला कौतुकानं अप्पळम, म्हणजे पापड, द्यायची. दुसऱ्या कोणी दिलं की मात्र त्याच भुवनेश्वरीला माकडं शेफारतात असं वाटायचं.

ओरत्तनाडूच्या या बाजूला माकडं नव्हती. मोर होते, मुंगसं होती, भातात उंदीर होते. माकड म्हणजे कधीतरी एखादं चुकलेलं, दोन दिवस चिंचेवर बसून निघून जाणारं. त्यामुळे आवणी महिन्यात, श्रावण-भाद्रपदाच्या सुमाराला, एका सकाळी सुंदरी धावत आली आणि केळीच्या बागेत माकडांची जत्रा भरली आहे म्हणाली, तेव्हा बाईंनी तिलाच झापलं. मग त्या स्वतः गेल्या. केळीचे घड अजून कोवळे होते. माकडं ते खातसुद्धा नव्हती. एकेक केळं तोडायचं, चावा घ्यायचा, तोंड वाकडं करायचं, टाकायचं, पुढचं तोडायचं. एक गलेलठ्ठ नर बांधावर मांड्या फाकून बसला होता आणि बाईंकडे अशा नजरेनं बघत होता, जणू त्याच जमीन बघायला आलेल्या परक्या कोणी होत्या.

पुढच्या काही आठवड्यांत त्या टोळीनं बाईंच्या घराची घडीच मोडली. भुईमूग उपटला. माडांना नुकती धरलेली कोवळी शहाळी खाली पाडली. किड्यांसाठी कौलं उचकटली आणि रिकाम्या जागेतून स्वयंपाकघरात उतरून चिंचेची बरणी फोडली. विहिरीवर झाकण आलं, खिडक्यांना जाळ्या आल्या. घरापुढच्या तिण्णैवर, म्हणजे ओट्यावर, सीतारामराव असल्यापासून येणारेजाणारे टेकायचे, तिलाही गज लावावे लागले, तेव्हा टेकणारे यायचे थांबले. स्वयंपाकघरावरची कौलं काढून पत्रा घातला. आत दुपारी उभं राहवेना, म्हणून दोन्ही वेळचा स्वयंपाक सकाळीच उरकावा लागू लागला. वडाम घालणं बंद. मिरची माकडं उधळतील पण खाणार नाहीत, म्हणून अंगणात वाळायला तेवढी मिरची राहिली.

वस्तीतल्या लोकांनी केलेले उपाय पाहून बाईंना माकडं बरी वाटू लागली. एकानं बाजारातून कापसाचा वाघ आणून माडाला बांधला. तिसऱ्या दिवशी माकडांनी वाघाचं पोट फाडून कापूस वाऱ्यावर सोडला आणि रिकाम्या कातड्याची गादी केली. दुसऱ्यानं आपल्या कुत्र्याच्या अंगावर रंगानं पट्टे ओढले. ते गरीब कुत्रं लाजेनं आठवडाभर घराबाहेर पडलं नाही. आणि हेच लोक शनिवार आला की कालव्याच्या पुलावर माकडांना मुरमुरे टाकत होते, पाप नको म्हणून. वसुमतीबाई पुलावरून जाताना मान वळवून बघत, पण बोलत नसत. ज्यांना सांगून कळेल अशांशीच बोलायचं, असं त्यांनी फार पूर्वी ठरवलं होतं, आणि तशी माणसं त्यांना फारशी भेटली नव्हती.

मग एके दिवशी त्या मिरची राखत बसल्या असताना एक माकडीण गजांपाशी आली. मिरची वास घेऊन तिनं सोडून दिली. शेजारी सुपात उडीद होते, सुपाखाली फडकं होतं. तिनं फडक्याचा कोपरा धरला आणि हळूहळू स्वतःकडे ओढला. डावा हात मनगटापाशी संपलेला होता.

बाईंनी तिला हाकललंसुद्धा नाही. नुसत्या बघत राहिल्या. राजवाड्याच्या बुरुजावरचं जनावर नद्या, रस्ते, बसस्टँड ओलांडून स्वतःच्या पायांनी इथवर येणार नाही, एवढं कळायला फार अक्कल लागत नव्हती. दुपारी त्यांनी भुवनेश्वरीला फोन लावला. गुडघ्याची चौकशी केली, मग सहज विचारलं की गच्चीवरच्या माकडांचं काय. भुवनेश्वरी खुशीत होती. आंजनेयाची कृपा झाली म्हणाली, सगळी गेली, आता गच्चीवर पुन्हा वडाम घालते. कुठं गेली, हे तिला ठाऊक नव्हतं. यांनी संघातर्फे काहीतरी व्यवस्था केली, एवढंच ती म्हणाली. बाईंना तिचा राग आला नाही. जावेनं आयुष्यात कधी कोणती गोष्ट कुठं गेली असं विचारलं नव्हतं.

व्यवस्थेचा उलगडा महिनाभरानं झाला. वस्तीतल्यांनी माकडं धरणारा एक माणूस बोलावला होता. मुरुगैयन त्याचं नाव. लोखंडी पिंजरा छोट्या टेंपोवर लादून तो गावोगाव फिरायचा. पिंजरा कुठं ठेवावा ते बघत तो बाईंच्या अंगणात आला, पाणी मागितलं, आणि पाणी पिता पिता आपला मोठेपणा सांगू लागला. कुठल्या कुठल्या देवळांतली, कोणत्या कॉलेजातली, आणि तंजावूरला राजवाड्यामागच्या गल्लीतली माकडं आपणच कशी धरली, ते त्यानं तमिळमध्ये रंगवून सांगितलं. ती धरून नेतोस कुठं, असं बाईंनी विचारलं. त्यानं मोकळेपणानं हात फिरवून छत्रामागची बाजू दाखवली. ही तीच तर आहेत अम्मा, म्हणाला. इथंच सोडली होती.

बाई खांबाला टेकून उभ्या होत्या. इथंच का, असं त्यांनी विचारलं.

मुरुगैयनच्या मनात काही लपवायचं नव्हतं. तो म्हणाला, त्याचा नेहमीचा बेत तिरुवैयारुकडे नदीकाठी सोडायचा होता, पण गल्लीतले मोठे अय्या म्हणाले, तिकडे नको, तिकडे आराधनेच्या गाण्याला मोठमोठी माणसं येतात, ओरडा होईल. त्यांनीच ही जागा सुचवली.

"त्यांचे शब्द काय होते?" बाईंनी विचारलं.

"म्हणाले, छत्रामागं मोकळं रान आहे. तिकडे आमचीच माणसं आहेत, कोणी तक्रार करणार नाही."

मुरुगैयननं पेला खाली ठेवला आणि आता ही टोळी पट्टुक्कोट्टैच्या बाजूला नेऊन सोडतो म्हणाला. बाईंच्या लक्षात आलं की हा माणूस त्याच माकडांवर गावोगाव पोट भरतोय, आणि त्याच्यापुरतं त्यात काही चूकही नाही. चुकीची माणसं वेगळी होती. त्यांतला एक त्यांच्या नवऱ्याचा सख्खा भाऊ होता.

त्या संध्याकाळी वस्तीतली माणसं पुलापाशी जमली. घरटी वर्गणी काढायची ठरली. वसुमतीबाईंनी तिथं फक्त एवढंच विचारलं, की जिथं सोडणार तिथं कोण राहतं. ते आपल्याला काय करायचंय, असं कोणीतरी म्हणालं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. बाईंना वाटलं, राजवाड्यामागच्या गल्लीतल्या सभेतही हेच वाक्य, बहुधा अशीच मान हलवत, कोणीतरी म्हटलं असणार. त्या सभेत फक्त खुर्च्या असतील, इतकाच फरक. आपण यात नाही, असं सांगून त्या घरी आल्या. पाठीमागे कोणी त्यांना चिक्कू म्हणालं, कोणी म्हणालं, या मराठी लोकांना राजाची मिजास अजून आहे. बाईंना दोन्ही ऐकू आलं. चिक्कू म्हटल्याचं काही नाही, पण गोपालकृष्णरावांच्या पंगतीत आपल्याला बसवल्याचं त्यांना फार लागलं.

पिंजरा बसला. केळी आणि शेंगदाण्याच्या लोभानं निम्मी टोळी आत गेली. सगळ्यांत आधी गेली ती थोटी माकडीण. माणसांच्या हातचं खायची तिला सवय होती. टेंपो निघाला तेव्हा ती गजांतून एकच हात बाहेर काढून बसली होती. वसुमतीबाई टेंपो वळेपर्यंत बघत राहिल्या, आणि स्वतःवरच चिडल्या. माझ्या केळींचा सत्यानाश करणारी ती, आणि मला तिची दया येते. उद्या मीही पुलावर मुरमुरे टाकायला लागेन, असं म्हणत त्यांनी सुंदरीला नांगरटीच्या माणसाला बोलवायला पाठवलं.

बाईंनी मनाशी ठरवलं होतं ते साधं होतं. उरलेली माकडं हुशार होती, ती पिंजऱ्यात जाणार नव्हती. ती जाणार नाहीत आणि गेली तर दुसरी येतील, असं धरून चालायचं. माकड जे उपटून टाकील पण खाणार नाही, तेच लावायचं. सुरण लावला. हळद, आलं, अळूकंद लावले. बांधावर मिरची. सुरणाचा एक तुकडा एका पोरक्या माकडानं चावून बघितला आणि मग बराच वेळ जीभ दगडावर घासत बसलं. सुंदरी त्या दिवशी पोट धरून हसली. पहिल्या वर्षी थोडी नासधूस झाली, केवळ खोडीपायी. पुढं त्यांना कंटाळा आला. बाईंच्या ताटातून मात्र केळफुलाची भाजी गेली, कच्च्या केळ्याचे काप गेले, ओलं खोबरं गेलं. शेंगदाण्याची चटणी त्या बाजारच्या दाण्यांची करीनात, मानी स्वभाव. त्या जमिनीखालचं खाऊ लागल्या. चिंचेच्या कोळात शिजवलेला सुरण, आल्याची आंबटगोड चटणी, तोगयल, अळूकंद परतलेले. एवढ्यावर मनुष्य जगतो, आणि बरा जगतो, असं त्यांच्या ध्यानात आलं.

पुढच्या वर्षी संक्रांतीनंतर, तै महिन्यात, ओरत्तनाडूला नात्यातलं एक लग्न निघालं. गोपालकृष्णराव आणि भुवनेश्वरी आदल्या दिवशी आले आणि जेवायला वसुमतीबाईंकडे उतरले. जरीकाठी उपरणं, कानामागं श्रवणयंत्र, हातात काठी, असे गोपालकृष्णराव गजांच्या दारातून वाकून आत शिरले आणि घराची ही काय कळा केली, असं म्हणाले. बाईंनी पाट मांडला. स्टीलची ताटं मांडली.

"केळीचं पान नाही?" गोपालकृष्णरावांनी विचारलं.

"नाही भावजी."

त्यांनी सुरण खाल्ला, बरा आहे म्हणाले. मग वडाम कसे नाहीत, खोबरं का घातलं नाही, घरी केळीची बाग असून जेवणात एक केळं नाही, असं एकेक काढत गेले. दर खेपेला बाई ‘माकडं’ एवढंच म्हणत होत्या. गोपालकृष्णरावांनी मान हलवली. खेड्यातल्या माणसांना एकी करता येत नाही हेच खरं दुखणं, असं ते भुवनेश्वरीला समजावू लागले. आमच्या गल्लीत हाच त्रास होता, पण संघानं पुढाकार घेतला, माणूस बोलावला, आता अस्के, लहानथोर सगळे, सुखात आहेत. योजना पाहिजे, नुसतं कपाळाला हात लावून बसून काय होतंय.

वसुमतीबाई भात वाढत होत्या. त्यांनी पळी पातेल्यात ठेवली.

"भावजी, ही तुमचीच माकडं आहेत. सोडायची जागा तुम्हीच दाखवलीत."

गोपालकृष्णरावांनी कानामागचं यंत्र नीट केलं. ऐकू आलं नाही असं दाखवायला थोडा वेळ मिळतो का बघितलं, पण बाई थांबल्याच होत्या.

"मी मोकळं रान म्हटलं होतं. तुमचं नाव नाही घेतलं."

"आमचीच माणसं आहेत, तक्रार करणार नाहीत, असं म्हणालात. यात माझ्याशिवाय कोणाचं नाव आलं?"

भुवनेश्वरीचा घास हातातच राहिला. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि लग्नानंतर बहुधा पहिल्यांदाच तिला काहीतरी विचारावंसं वाटत होतं. गोपालकृष्णराव ताटाकडे बघत होते. ते उठतील, रागावतील, निदान ओशाळतील, असं बाईंना वाटलं होतं. त्यांनी मनाची तयारीही केली होती. तसलं काही झालं नाही. गोपालकृष्णरावांनी भात कालवला, दोन घास खाल्ले, आणि ताक मागितलं. बाईंनी वाढलं. त्यांनी ताकभात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला, हात धुतले, उपरण्याला पुसले.

निघताना दारात वळून ते म्हणाले, "पुढच्या वेळी लांब सोडायला सांगतो."

त्यांच्या मते ही भरपाई होती. बाईंनी दार लावून घेतलं. इतकी वर्षं या माणसाचा तिरस्कार करण्यात आपण नको तेवढी शक्ती घालवली, असं त्यांना वाटलं. एवढ्या तिरस्काराला पुरेल असं त्यात काही नव्हतंच. दुसऱ्या दिवशी त्या लग्नाला गेल्या, दिरांना रीतीप्रमाणे नमस्कार केला, आणि परत आल्या.

पट्टुक्कोट्टैकडे नेलेल्या माकडांचं पुढं काय झालं ते कळलं नाही. वस्तीत मागे उरलेली निम्मी टोळी वर्षभरात पुन्हा पूर्वीइतकी झाली, तेव्हा वर्गणी काढणारे एकमेकांवर ढकलू लागले. काहींनी मात्र, वसुमतीबाईंचं नाव न घेता, आपल्या वावरात सुरण लावला. बियाणं मागायला ते सुंदरीकडे जात, बाईंकडे नाही. बाई सुंदरीला सांगून ठेवत, किती द्यायचं आणि कोणाला द्यायचं नाही.

राजवाड्यामागच्या गल्लीतही बुरुज रिकामा राहिला नाही. दुसरीकडून नवी टोळी येऊन बसली, आधीच्यापेक्षा धीट. हे बाईंना कळलं ते भुवनेश्वरीच्या फोनवरून. संघातले लोक आता वर्गणी द्यायला नाही म्हणतात आणि हे दिवसभर गच्चीच्या दाराशी काठी घेऊन बसतात, असं तिनं सांगितलं. मग सुरण घसा न खवखवता कसा करायचा ते तिनं विचारलं. वसुमतीबाईंनी सगळं नीट सांगितलं: साल जाड काढायची, हाताला तेल लावायचं, चिंचेच्या पाण्यात शिजवायचं, पहिलं पाणी टाकून द्यायचं.

भुवनेश्वरीनं आवाज खाली आणला. यांना सांगणार नाही तुमच्याकडून शिकले म्हणून, उगाच ताटावरून उठतील, म्हणाली.

"सांगून वाढा अक्का," वसुमतीबाई म्हणाल्या. "सांगायचं नसेल तर करू नका. आणि उठायचे नाहीत ते. मी बघितलंय."

पलीकडे भुवनेश्वरी हळूच हसली. ती अशी हसते हे वसुमतीबाईंना ठाऊक नव्हतं. मोठं कंद आणायचं की लहान, असं तिनं विचारलं, आणि बाईंनी तेही सांगितलं.